कुंपणातल्या फटीची बातमी

नाही नाही, तिथं नका बसू साळूबाई, उंबऱ्यापाशी कुठं बसताय — खुर्ची आहे की. एवढ्या खुर्च्या आहेत. विद्यार्थी नाहीत आमच्याकडं, पण खुर्च्यांना तोटा नाही, ओढा त्यातली एक. नको? बरं, राहू द्या, तुम्हाला बरं वाटतं तिथं बसा. पण निदान आत तरी सरका, पंख्याखाली, उन्हातून आलाय. वरच्या वाडीतून डोंगर उतरून माले गावच्या रस्त्यापर्यंत चालत, मग वडापच्या जीपनं पौड, पौडहून परत दुसरी गाडी — आणि एवढं सगळं करून आल्या आल्या पहिलं वाक्य काय, तर 'सोनीला न्यायला आले.' अहो, न्यायला म्हणजे? ती काय शाळेतली पोर आहे, घंटा झाली, दप्तर उचललं, चालली? एम. ए. करतेय तुमची लेक, पत्रकारितेचं एम. ए. दोन वर्षं काढली तिनं इथं, आणि आज शेवटची तोंडी परीक्षा आहे. त्या समोरच्या खोलीत बसलीय, ती बघा, पाठमोरी दिसतेय, निळी ओढणी. बाहेरचे परीक्षक यायचेत पुण्याहून, ते हिंजवडीच्या चौकात अडकलेत, त्यांचा फोन आला होता, गाडी मुंगीसारखी सरकतेय म्हणाले. ते आले की पहिला नंबर सोनीचाच. तिनं फक्त आपली बातमी त्यांच्यापुढं मांडायची, विचारतील त्याची उत्तरं द्यायची, झालं. मग न्या तिला. आज न्या, उद्या न्या, जन्माची न्या. पण आत्ता नको. आत्ता तिला हाक सुद्धा मारू नका, हात जोडते मी तुम्हाला.

मी उषा. सांगत असेल की सोनी घरी, उषा मॅडम अशा, उषा मॅडम तशा, लई ओरडतात म्हणून. ओरडते मी, खोटं कशाला बोलू. मी लातूरकडची, आमच्याकडं प्रेमानं बोललं तरी पुण्याच्या माणसाला भांडण वाटतं. मी पण पेपरातच होते आधी, बातमीदार, मग उपसंपादक, आणि मग इथं हा विभाग सुरू करायचा म्हणून मला बोलावलं. म्हणलं चला, आपल्याला कुणी शिकवलं नाही, आपण शिकवू. तेव्हा काय उत्साह होता हो! अभ्यासक्रम कुठून आणला माहितीये? परदेशातून. तिकडच्या विद्यापीठाचा उचलला, थोडी नावं बदलली, मंजूर करून घेतला. त्यात धडा काय, तर नगरपालिकेच्या सभेचं वार्तांकन कसं करायचं — सभागृह, माइक, प्रत्येकाच्या हातात छापील विषयपत्रिका, आणि सभा संपली की महापौर म्हणे बातमीदारांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला थांबतात. थांबतात! माझी पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांच्या गावची ग्रामसभा सरपंचाच्या ओट्यावर होते, आणि झाली हे सह्या घ्यायला शिपाई आला की कळतं. मग मी बसले, एकेक धडा मराठीत केला, इथली उदाहरणं घातली, रात्रंदिवस तेच. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. हौस. पण एक गोष्ट मी बदलली नाही साळूबाई, ती तशीच्या तशी ठेवली, कारण मला वाटलं ती जगात कुठंही खरीच असणार. तीच नडली बघा. सांगते.

तुम्ही पाणी तरी घ्या. नको. बरं. रागावलाय तुम्ही, आणि रागावायलाच पाहिजे, मी तुमच्या जागी असते तर या टेबलाची काच फोडली असती. पण ऐकून घ्या. सोनी पहिल्या वर्षी आली तेव्हा शेवटच्या बाकावर, तोंडातून शब्द नाही. मी म्हणलं, तुझ्या वाडीतली एक बातमी सांग. म्हणाली, 'मॅडम, आमच्या वाडीत काय बातमी आसनार, तितं काय हुतंच न्हाई.' वर्ग हसला. मी म्हणलं, काहीच होत नाही ही केवढी मोठी बातमी आहे, शोध की, का होत नाही! आणि शोधायला लागली हो ती. अशी शोधायला लागली की मीच मागं पडले. तलाठ्याकडं जाऊन बसायची, वनखात्याच्या माणसांना भंडावून सोडायची, आणि लिहायची तर कसं — एक शब्द जास्तीचा नाही. मी इतकी वर्षं शिकवतेय, एवढं सरळ लिहिणारं पोर मला दुसरं मिळालं नाही. तोंडावर कधी बोलले नाही मी तिच्या, पोरं शेफारतात. तुम्हाला सांगतेय.

तर आमचा एक अंक निघतो, विद्यार्थ्यांचा, 'मुळाकाठ' नावाचा. सरावासाठीच, पण मी खराच छापते, चौकात वाटते, पंचायत समितीत नेऊन ठेवते. सोनी म्हणाली, या अंकाला मी आमच्या पाणवठ्याची बातमी करते. तुम्हाला काय सांगायचं, तुमचंच पाणी ते — तो जांभळीखालचा झरा, उन्हाळ्यात वाडीला तेवढाच. वाडीतला नळ येऊन उभा राहिलाय, पाणी मागाहून येणार आहे म्हणे. आणि झऱ्यावर जायची वाट त्या उतारावरून, आणि तो उतार विकत घेतला इंद्रजितसाहेबांनी, बंगल्यांसाठी प्लॉट पाडले, भोवती कुंपण. आणि इंद्रजितसाहेब कोण? तर या संस्थेचे विश्वस्त. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाहेर भिंतीवर फोटो आहे बघा त्यांचा, दिवा लावतानाचा. पण कुंपण घातलं तरी पाण्याला जाणं काही थांबलं नव्हतं तुमचं. एका कोपऱ्यात तार ढिली होती, फट होती, बाया हंडे घेऊन तिथनं जायच्या, आणि तो वॉचमन, परमुलखातला गरीब बिचारा, बाया आल्या की पाठ फिरवून मोबाइलमध्ये तोंड घालायचा. बघितलंच नाही म्हणजे झालंच नाही! तुम्ही त्याला करवंदं ठेवायचा पानावर, हो ना? सोनीनं लिहिलं होतं ते. तिच्या बातमीतलं सगळ्यात सुंदर वाक्य होतं — 'बायका येताना दिसल्या की पहारेकरी पाठ फिरवतो.' मी त्याखाली लाल पेनानं रेघ मारली, समासात 'वा' लिहिलं. आता ती रेघ दिसली की मी पान उलटते. त्याची नोकरी गेली. कुठं गेला कुणास ठाऊक. बायको असेल, पोरं असतील गावाकडं. गेला.

आता ती न बदललेली गोष्ट. आमच्यात एक नियम आहे, पेपरवाल्यांचा — कुणाविरुद्ध लिहिलं तर छापायच्या आधी त्या माणसाकडं जायचं, त्याची बाजू विचारायची, आणि त्याची बाजू आल्याशिवाय छापायचं नाही. न्यायाची गोष्ट आहे की! मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते, शेवटच्या दिवशी परत लिहिते. सोनीनं बातमी आणून दिली, मी वाचली, म्हणलं, झकास झालीय, पण साहेबांची बाजू कुठंय? तर म्हणाली, 'मॅडम, त्यांना विचारायलाच पायजे का?' मी म्हणलं, विचारायलाच पाहिजे, नाहीतर आपण आणि चावडीवर कुजबुजणारे यांच्यात फरक काय? तशी ती म्हणाली, आमच्या बाया म्हणतात लिहू नको, फट हाय तेच बरं हाय, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मी — मी तिला सार्वजनिक हित शिकवलं. अर्धा तास! वाट हा हक्क आहे, ती चोरून का जायचं, फटीतून का जायचं, मान वर करून फाटकातून जा! काय बोलत होते मी, माझं मलाच भरून आलं होतं. गेली पोर. नीट केस विंचरून गेली, प्रश्न लिहून नेले, त्यांच्या ऑफिसात बसली. त्यांनी चहा दिला. बिस्किटं दिली. म्हणाले, बाळ, फार छान काम करतेस, आपल्या संस्थेची मुलगी इतकी हुशार म्हणजे मला अभिमान आहे, नेमकी कुठं आहे ही फट? आणि तिनं सांगितलं. सांगणारच, सवाल विचारला तर खरं उत्तर द्यायचं हेही मीच शिकवलेलं. दोन दिवसांत माझी बाजू कळवतो म्हणाले. आणि दोन दिवसांत काय झालं ते मी तुम्हाला कशाला सांगू, तुम्ही हंडा घेऊन उभ्या होता तिथं. पत्रे ठोकले, वेल्डिंग केलं, वॉचमनला काढलं, आणि मग त्यांची बाजू आली, अगदी वेळेवर, टाइप करून — 'सदर ठिकाणी कोणतीही वाट अस्तित्वात नाही. प्रत्यक्ष येऊन खात्री करावी.' आम्ही गेलो की हो खात्री करायला! मी आणि सोनी. नव्हतीच वाट. तिची बातमी अक्षर न् अक्षर खरी होती, आणि आमच्या नियमानं विचारायला गेली म्हणून खोटी ठरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या पत्र्यापुढं ती रडली नाही, मला वाटलं रडेल. नुसता हात लावून बघितला पत्र्याला, तापला होता, काढून घेतला.

परत लिहिली की मग आम्ही. 'वाट बंद केली' म्हणून लिहिली, आधीची आणि आताची, दोन्ही. तर अंकच थांबवला. कुणी? वरून. कागद महाग झालाय म्हणे. कागद! मी भांडले, प्राचार्यांच्या खोलीत जाऊन आवाज चढवला, प्राचार्य बिचारे पंख्याकडं बघत बसले. त्यांना तरी काय बोलणार, धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. म्हणून ही तोंडी परीक्षा, साळूबाई. अंक नाही छापला तरी परीक्षेत मांडायला मला कुणी अडवू शकत नाही, परीक्षा विद्यापीठाची आहे, संस्थेची नाही. आणि आज येणारे परीक्षक साधे नाहीत, मोठ्या वर्तमानपत्राचे संपादक होते, अजून शब्दाला वजन आहे त्यांच्या. मी मुद्दाम त्यांचं नाव सुचवलं. त्यांनी ऐकली बातमी, मनात आणलं, तर पुण्याच्या पेपरात पहिल्या पानावर येईल, मग कलेक्टर विचारील, मग पत्रे निघतील. निघतील की नाही? निघतील. म्हणून म्हणते, एवढा तास-दोन तास.

काय? नाही, कळतंय मला तुमचं. बाया तुम्हाला बोलतात. तुझ्या पोरीनं पाणी तोडलं म्हणतात. तुम्ही हंडा घेऊन गेलात की बाजूला होतात. सोनी गेल्या वेळी आली होती तर कुणी बोललं नाही तिच्याशी, मामाच्या घरचं पण नाही — सांगितलं तिनं मला. ओहळातनं वळसा घालून जायचं आता, दगडधोंड्यातनं, ती म्हातारी पडली ना परवा? तुमची सासूच? अरे देवा. मला — सोनीनं हे नाही सांगितलं. पाय मोडला? मुरगळला. बरं. नाही, बरं कसलं. माझी जीभ.

आणि शिकून करणार काय, हेच विचारताय ना? विचारा, हक्कानं विचारा. मी खोटं सांगणार नाही. तो निलेश, सोनीच्या पुढचा, काय कडक प्रश्न विचारायचा, आता हिंजवडीत एका कंपनीत बसून हॉटेलातल्या पदार्थांची वर्णनं लिहितो. कुरकुरीत, खमंग, असं. प्रियंका तर इथंच, आपल्या नांदे गावातल्या टॉवरच्या जाहिराती लिहिते, 'निसर्गाच्या कुशीत तुमचं हक्काचं घर' — पगार चांगला आहे, दिवाळीला मला साडी आणली पोरीनं. मी काय म्हणणार? नेसले. वर्तमानपत्रं पैसे देत नाहीत, जी देतात ती इंग्रजी मागतात, आणि उरलेली म्हणतात फुकट शिका. आणि आमचा विभाग, तो तर पुढच्या वर्षी असेल की नाही कुणास ठाऊक. नाव बदलायचं चाललंय. पत्रकारिता काढून टाकायची आणि 'ब्रँड कम्युनिकेशन' करायचं, म्हणजे पोरं येतील. येतील सुद्धा. मी काय करू, सांगा? माझ्याकडं एकच गोष्ट आहे दाखवायला, एवढ्या वर्षांत एकच, ती त्या खोलीत बसलीय निळी ओढणी घेऊन. तिनं आज ती बातमी मांडली तर मी म्हणू शकते की हे बघा, हे होतं इथं, हे शिकवलं जात होतं. नाहीतर काय — खुर्च्या. म्हणून तर मी अडून बसले. नाहीतर त्या दिवशी साहेबांनी फाटकाचं काढलं तेव्हाच मी हो म्हणून मोकळी झाले असते, आणि —

कसलं फाटक? नाही, काही नाही. बोलण्याच्या ओघात. अहो फाटक म्हणजे — तुम्ही उठू नका साळूबाई. बसा. बसा ना. सांगते. सगळं सांगते, बसा.

मागच्या आठवड्यात बोलावलं मला साहेबांनी. बरंच गोड बोलले. म्हणाले, मॅडम, मुलीला दुसरा विषय द्या परीक्षेला, पावसाळी पर्यटन द्या, लग्नसराई द्या, काहीही द्या, आणि मी त्या कोपऱ्यात छोटं फाटक बसवतो. सकाळी उघडं, संध्याकाळी उघडं. वाडीला तुम्ही कळवून टाका. एवढंच. मी म्हणलं, विचारून सांगते. हो. मागच्या आठवड्यात. नाही, सोनीला नाही सांगितलं. तुम्हाला पण नाही. कुणालाच नाही. सांगणार होते! रोज वाटायचं आज सांगावं, मग वाटायचं, सांगितलं तर पोर लगेच हो म्हणेल, तिची आजी, तिची आई, तिची वाडी — ती हो म्हणणारच, तिला दुसरं सुचणार नाही, आणि मग संपलं. मग काय उरलं? मग ते फाटक त्यांच्या मर्जीवर, आज उघडं, उद्या मूड गेला की बंद, परत पाया पडायचं. मला ते उपकार म्हणून नको होतं हो, मला वाटत होतं हक्कानं मिळावं तुम्हाला, बातमी येऊन, जगापुढं. खरंच तसं वाटत होतं. आता तुम्ही अशा बघताय माझ्याकडं तर — माझं मलाच कळेना कुणासाठी वाटत होतं. वाडीसाठी, का या विभागासाठी, का माझ्यासाठी. पण पाणी मी भरत नव्हते ना. तुम्ही भरत होता. मी इथं पंख्याखाली बसून तुमचा हक्क राखत होते.

बोला की काहीतरी. शिव्या द्या. तुमच्याकडं बाया भांडतात तेव्हा कशा बोलतात ते सोनीनं सांगितलंय मला, त्यातलं काहीही बोला, मी उलट बोलणार नाही. हे असं नुसतं बघू नका. परवा म्हातारी पडली, आणि फाटक त्याच्या आधीच मिळत होतं, हेच मोजताय ना मनात? मोजा. मी पण तेच मोजतेय. काल रात्री झोपले मी, छान झोपले, परीक्षेला कुठली साडी नेसायची ठरवून झोपले. लाज वाटते सांगायला. तुम्हाला हे सांगायचं नव्हतंच मला, मी तुम्हाला फक्त थांबवणार होते तासभर, गोड बोलून. तोंडच असं आहे माझं, एकदा सुरू झालं की सांडतंच.

थांबा. अजून काही बिघडलेलं नाही. परीक्षक आलेले नाहीत. मी आत्ता फोन लावते साहेबांना, तुमच्यादेखत. सांगते, सोनी दुसरा विषय मांडेल, तुम्ही फाटक बसवा. आजच्या आज. मांडेल की ती, ती काय कशावरही बोलेल उभ्या उभ्या, लग्नसराईवर बोलेल. बातमी गेली उडत. खड्ड्यात गेला विभाग. पाणी आधी, तुमचं बरोबर आहे, तुमच्या वाडीतल्या बाया म्हणत होत्या तेच बरोबर होतं. इथं रेंज येत नाही, खिडकीशी जावं लागतं — ते कामाचं बोलताना इंग्रजीतच बोलतात बरं का, मी पण तसंच बोलेन, तुम्ही दुसरं काही मनात आणू नका. लागला. वाजतोय.

हॅलो, सर? गुड मॉर्निंग सर, उषा हिअर. — येस सर, द एक्झाम इज टुडे. सर, अबाउट द गेट. वी ॲक्सेप्ट. — येस, द गर्ल विल चेंज द टॉपिक, आय विल सी टू इट. सो इफ द गेट कुड बी — सॉरी सर? — सोल्ड? — द होल स्लोप? — बट सर, व्हेन? यू टोल्ड मी जस्ट लास्ट — आय नो. आय नो आय डिडन्ट रिप्लाय. आय वॉज — नो सर, इट्स माय मिस्टेक. — अँड द न्यू ओनर्स, इफ यू कुड टेल देम, जस्ट वन स्मॉल गेट, फॉर वॉटर — दे आर पुटिंग अ वॉल? — नो सर. — नो, आय अंडरस्टँड, नॉट इन युवर हँड्स. — सॉरी? — लेट हर प्रेझेंट इट. यू डोन्ट माइंड नाऊ. — येस सर. आय विल टेल हर. ऑल द बेस्ट, येस. थँक यू सर.

हं.

नाही, बोलले. चांगले बोलले, साळूबाई. शांतपणे बोलले, चिडले वगैरे नाहीत. म्हणाले — म्हणाले, बघतो. हो. बघतो म्हणाले. थोडं उशिरा कळवलंत म्हणाले, पण बघतो. उद्या-परवा माणूस पाठवतील बहुतेक, कुठं बसवायचं ते बघायला. कोपऱ्यातच, हो, जिथं फट होती तिथंच. तुम्ही कशाला काळजी करताय, मी आहे ना, मी पाठपुरावा करते. भिंत? भिंतीचं कोण बोललं? मी? नाही हो, ते वॉल म्हणजे — ते दुसरं काहीतरी, ऑफिसचं. तुम्ही आता असं करा, त्या बाहेरच्या बाकावर बसा, मी चहा सांगते, सोनीची परीक्षा होऊन जाऊ दे, आणि मग दोघी मिळून घरी जा आणि बायांना सांगा की मॅडमनी फोन —

सोनी.

तुला आत बसायला सांगितलं होतं ना मी. कधी आलीस? — फोनच्या आधीच. बरं. म्हणजे ऐकलंस. सगळंच ऐकलंस.

माझ्याकडं नको बघूस गं. आईकडं बघ, तुला विचारतेय ती काय झालं म्हणून. — नाही, मी नाही. माझ्याच्यानं होत नाही. तूच सांग तिला.